सेवकरामची हाक

"जोडी कोनाची हाय, सेवक्या?"

"जोडी तुमचीच हाय, मालक. पन पळवते कोन?"

"बैल पळते. तू मांगं बसतो."

हे भांडण रुखमानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. लक्ष्मणरावांच्या कोठ्यात ती शेण भरत होती आणि बाहेर तणसाच्या ढिगापाशी मालक आणि तिचा नवरा समोरासमोर उभे होते. तिनं टोपली डोक्यावर घेतली, मग खाली ठेवली. बाहेर पडायचं तर दोघांच्या मधूनच जावं लागलं असतं. म्हणून ती गेंदा बैलाच्या आडोशाला उभी राहिली.

"मी दुसरं काही मांगून राहिलो का?" सेवकराम म्हणाला. "पुढच्या पटात भोंग्यातून माझंही नाव सांगा. एवढंच."

लक्ष्मणराव हसले. "पीक चांगलं आलं तं लोकं शेतकऱ्याचं नाव घेते. नांगराचं नाव कोनी घेते का गा?"

त्यावर सेवकराम काही बोलला नाही. तो गप्प बसला की रुखमाला भीती वाटायची. बडबडून मोकळा झालेला नवरा संध्याकाळी भाकर खातो, गप्प बसलेला काय करेल ते देवालाही सांगता येत नाही.

सेवकराम लक्ष्मणरावांचा सालदार होता, म्हणजे वर्षाच्या धानावर बांधलेला गडी. लाखनीजवळच्या त्या खेड्यात असे सालदार पुष्कळ होते. पण धुरकरी एकच. आमच्या भागात धान कापून बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, सुकली की शंकरपट भरतो. बैलांच्या दोन जोड्या शेजारीशेजारी आखलेल्या दोन सरळ वाटांवरून एकाच वेळी सुटतात आणि जी आधी झेंडीला पोचते ती जिंकते. जोडीमागच्या हलक्या छकडीवर जो बसतो, तो धुरकरी. बैल मालकाचे, छकडी मालकाची, फेटा मालकाला. खरचटलेले गुडघे तेवढे धुरकऱ्याचे.

दुसरे धुरकरी तुतारी वापरत, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. शेपट्या पिळत. सेवकरामच्या हातात कासऱ्याशिवाय काही नसायचं. त्याची हाक होती. "हुर्रर्र... हो बापा हो!" पोटातून निघायची आणि शेवटच्या "हो"ला अशी वर चढायची, की तलावाच्या पाळीवरचे बगळे उडायचे. गेंदा आणि लाख्या गोऱ्हे होते तेव्हापासून त्यानं एक नेम पाळला होता. गव्हाणीत ढेप, म्हणजे पेंड, टाकायची तर आधी हाक, मग ढेप. पोळा असो, ताप असो, घरात मयत असो, हाकेशिवाय ढेप नाही. त्यामुळे हाक कानावर पडली की त्या दोघांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि पाय आपसूक उचलायचे.

त्याचा त्याला गर्वही होता. "माझ्या हाकेनं धोंडाही पळन," तो म्हणायचा.

"मंग चूल पेटवा हाकेनं," रुखमा म्हणायची. "लाकडं वली हायेत."

त्या साली लाखनीच्या पटात जोडी पहिली आली होती. भोंग्यातून लक्ष्मणरावांचं नाव पुन्हा पुन्हा गाजलं, त्यांना फेटा बांधला, आणि सेवकराम बैलांची दोरी धरून बाजूला उभा राहिला. कोणीतरी त्याला विचारलं, "का गा, ही जोडी कोनाची?" हे त्याच्या मनाला लागलं, आणि भांडण झालं ते त्यावरून.

ही बातमी आंबागडच्या केशवरावांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांनी नवीन जोडी घेतली होती, दिसायला देखणी पण बुजरी. ते स्वतः आले, सेवकरामच्या ओट्यावर बसले, रुखमाच्या हातचा चहा प्याले.

"माझ्याकडं ये. लाखनीचा पट जिंकलो तं भोंग्यातून पयले तुझं नाव, मंग माझं. हा शब्द."

ते गेल्यावर रुखमा म्हणाली, "इथं बारा महिने पोट भरते. तिथं काय हाय?"

"तिथं मान हाय."

"मान गव्हाणीत टाकता येते का?"

"तुले नाही समजत," तो म्हणाला. "पटात उतरते तो मानूस जिथं मान असन तिथंच जाईन. मी काय दावनीचा बैल हाय?"

अक्षय्य तृतीयेला सालदाराचं साल संपतं. त्या दिवशी सेवकरामनं लक्ष्मणरावांच्या पाया पडून निरोप घेतला. मालकांनी आशीर्वाद दिला नाही, पाय मात्र मागे घेतले नाहीत. रुखमानं वांग्याच्या वाफ्याला शेवटचं पाणी घातलं. वांगी कोण खाणार हे माहीत असूनही घातलं.

आंबागडला किल्ल्याच्या डोंगराखाली, कोठ्याला लागून एक खोली मिळाली. सेवकराम जोडीला लागला. आधी हाक, मग ढेप. बैल बुजरे होते, पण भूक बुजरी नसते. दिवाळीपर्यंत ते हाकेला कान द्यायला लागले. संक्रांतीनंतर दोन खेड्यांतले लहान पट त्यांनी मारले. तिथं भोंगा नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण टाळीत नाव नसतं. सेवकरामचं सगळं लक्ष लाखनीकडे होतं.

लाखनीच्या पटाला माणूस मावत नव्हता. हमरस्त्यावर ट्रकवाले गाड्या थांबवून टपावर चढले होते. लक्ष्मणरावांची जोडीही आली होती. छकडीवर आता त्यांचा पुतण्या इश्वर बसणार होता. पटाच्या आधी सेवकराम जुन्या बैलांना पाहायला गेला. गेंदानं त्याचं कोपर चाटलं, लाख्यानं शिंग घासलं. सेवकरामचे डोळे भरले. ते बघून रुखमानं त्याला बाजूला ओढलं.

"आयका," ती म्हणाली, "हे दोघं तुमची हाक वळखते."

"वळखू दे. त्याइचा धुरकरी आता इश्वर हाय."

"बाजूले हेच आले तं? आजच्यापुरती हाक बदला."

"हाक काय लुगडं हाय का, बदलाले?"

चिठ्ठ्या निघाल्या. शेवटच्या फेरीत आंबागडच्या केशवरावांची जोडी एका वाटेवर आणि लक्ष्मणरावांची दुसऱ्या वाटेवर. बायकांच्या घोळक्यात बांधावर उभ्या असलेल्या रुखमानं पदर तोंडात धरला.

सुटायची झेंडी पडली. सुरुवातीला सेवकरामची जोडी पुढं होती. इश्वर तुतारी टोचत होता, शिव्या देत होता, आणि गेंदा-लाख्या नाक वर करून नुसते धावल्यासारखं करत होते. अर्धी वाट झाली आणि सेवकरामनं हाक सोडली.

"हुर्रर्र... हो बापा हो!"

त्याचे बैल उठले. पण शेजारच्या वाटेवर गेंदानं कान टवकारले, लाख्यानं मान खाली घातली, आणि ते दोघं असे सुटले, की इश्वर मागे कलंडता कलंडता वाचला. सेवकरामनं मान वळवून पाहिलं. त्याच्या लक्षात आलं. पण तोंडाची सवय मनाआधी धावते. दुसरी हाक निघून गेली. गेंदा-लाख्या बरोबरीला आले. मग तो एकदम गप्प झाला. तो गप्प झाला तशी आंबागडची जोडी गोंधळली, हाक नाही म्हणजे ढेप नाही, तिचे पाय ढिले पडले. जुन्या जोडीला मात्र तेवढी हाक पुरली. सहा साल तिनं तीच खाल्ली होती.

झेंडीला आधी लक्ष्मणरावांचे बैल पोचले.

भोंगेवाला गमत्या होता. त्यानंही सगळं पाहिलं होतं. "पहिला नंबर लक्ष्मणराव पाटलांच्या जोडीचा!" तो ओरडला. "आणि ती पळवली आंबागडच्या सेवकराम धुरकऱ्यानं! शेजारच्या छकडीवर बसून!"

सारा पट हसला. ट्रकच्या टपावरचे लोक हसले, बांधावरच्या बायका हसल्या. सेवकरामचं नाव भोंग्यातून आलं, चांगलं खणखणीत आलं. कासरा धरून तो उभा होता आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होता, जणू हरले ते बैलच आणि समजूत त्यांचीच काढायची आहे.

केशवराव शब्दाचे पक्के होते. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. साल भरू दिलं आणि अक्षय्य तृतीयेला एवढंच म्हणाले, "दोन्ही बाजूनं खेळनारा गडी मले नाही परवडत, बापा." ही गोष्ट पुढं पंचक्रोशीत फिरली. सेवकरामनं जुन्या मालकाशी आतून संधान बांधलं होतं, असंही काहींनी म्हटलं. मग दुसऱ्या कोणा जोडीवाल्यानं त्याला बोलावलं नाही.

लक्ष्मणरावांनी बोलावलं. पण छकडीवर नाही. "पळवन इश्वर. तू वाटेच्या कडेनं उभा राह्य न हाक दे." रुखमाला वाटलं हा नाही म्हणेल. तो "हो मालक" म्हणाला. घरात धान संपलं होतं, पण तिला माहीत होतं, की त्यानं होकार दिला तो हाकेसाठी. हाक द्यायला मिळाली नसती तर तो कुढून मेला असता.

काही वर्षं असंच चाललं. पट जिंकला की मालकाला फेटा, इश्वरला नारळ आणि सेवकरामला बसलेला घसा. मग गेंदा-लाख्या थकले. नवीन गोऱ्हे आले, त्यांना ढेप टाकायचं काम इश्वरनं स्वतःकडे घेतलं. आधी हाक, मग ढेप. हाक तीच. नवीन जोडी सेवकरामच्या हाकेला कानही हलवायची नाही, तिला इश्वरचा आवाज ठाऊक होता. आता वाटेच्या कडेला उभं राहायचंही कारण उरलं नाही.

एकदा तळ्यावर धुणं धुताना शेजारची पुष्पाबाई म्हणाली, "इश्वरची हाक का गोड हाय वं!"

"गोड असनच," रुखमा म्हणाली. "आयती शिजलेली हाय." आणि तिनं नवऱ्याचं धोतर असं आपटलं, की पुष्पाबाई दोन दगड लांब सरकली.

सेवकराम आता नुसता गडी उरला. गुरं पाजायची, शेण काढायचं, लाखनीहून सामान आणायचं, ही कामं करायचा. शहाऐंशी साली पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं केलं ते काम त्याच्या आयुष्यातलं शेवटचं ठरलं, पण कामात तसं काही नव्हतं. खांदमळणीची, म्हणजे बैलांचे खांदे चोळायची, हळद आणि बैलांसाठी नव्या वेसणी आणायला तो सकाळी लाखनीला गेला. पाऊस उघडला होता. दुकानात त्यानं वेसणी ताणून पाहिल्या, दोन परत केल्या, दुसऱ्या घेतल्या. ट्रक जाऊ दिले आणि रस्ता ओलांडला.

मालकाच्या अंगणात मालकीण सुलोचनाबाईंनी विचारलं, "आनलं का गा सगळं?"

"आनलं, बाई."

हळदीचा पुडा त्यानं कोनाड्यात ठेवला. वेसणी कोऱ्या होत्या, नाकाला काचल्या असत्या, म्हणून बादलीत भिजवून, तेलाचा हात लावून, इश्वरच्या हाताला येतील अशा खुंटीवर टांगल्या. गव्हाणीत राहिलेलं तणीस झाडलं, पाय धुतले आणि जेवायला घरी गेला.