नळी तोंडात, मान खाली

क्लोरीनचा तो तीक्ष्ण, नाकातून थेट कपाळापर्यंत चढणारा वास आणि नोएडातल्या मे महिन्यात सकाळी सातलाच कोमट झालेलं निळं पाणी: आमच्या सोसायटीच्या तलावाशी माझी पहिली जवळीक ही अशी झाली. त्याआधी एकतीस वर्षं, ज्या ज्या गावी बदली झाली तिथे वसुधा, माझी पत्नी, पोहायची आणि मी काठावर बसून वर्तमानपत्र वाचायचो. माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की एकदा तरी माझ्या शेजारून या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहा. सरकारी नोकरीत जन्मभर लोकांच्या मागण्यांवर ‘विचाराधीन’ असा शेरा मारणाऱ्या मला ही मागणी काही प्रलंबित ठेवता आली नाही.

पण पाणी कधी कुणाच्या हुद्द्याचा मान ठेवतं? श्वास घ्यायला मी अख्खं डोकं वर काढी, की पाय तळाकडे निघत; आणि सरळ जायला निघालेला मी तिरका होत होत शेजारच्या पट्ट्यातल्या वृद्ध सरदारजींवर जाऊन आदळत असे. सॉरी मात्र दर वेळी तेच म्हणत, त्यामुळे अधिकच ओशाळल्यासारखं होई. आमची प्रशिक्षक कविता रोहतकची, स्पष्टवक्ती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “सर, आप साँस लेने नहीं, हाज़िरी लगाने ऊपर आते हो.” आणि तिने माझ्या हातात स्नॉर्कल ठेवला, म्हणजे तोंडात धरायची, कपाळावरून सरळ वर जाणारी नळी. श्वासाचं नळी बघेल, तुम्ही मान खाली घालून फक्त आपले हात बघा, असं तिने समजावलं.

पहिले दोन दिवस नाकात इतकं पाणी गेलं, की शेवटी नाकाला चिमटा लावावा लागला. त्या अवतारात मला पाहून सरदारजींनी काळजीने विचारलं, की डॉक्टरांनी ऑक्सिजन लावलाय का.

मग हळूहळू एक अपूर्व स्वस्थता लाभली. पाण्याखाली उन्हाची जाळी डोलत होती, तळाची काळी रेघ संथपणे मागे सरत होती. आणि माझा उजवा हात, ज्याला मी आजवर सरळमार्गी समजत होतो, तो दर वेळी डोक्यापुढून डावीकडे घुसत होता. स्वतःचे हात नीट बघायला माणसाला साठीच्या उंबरठ्यावर नळी लागावी? हात खांद्यासमोर टाकायला शिकलो, पाय आपोआप वर आले, आणि सरदारजी निर्धास्त झाले.

दुसऱ्या आठवड्यात वसुधाच्या शेजारून निघालो. निम्म्या वाटेत नजर किंचित वळली आणि ती मला पाण्याखाली प्रथमच दिसली. केवढी डौलदार, केवढी निःशब्द! पण तिचा डावा हात पूर्ण पुढे जातच नव्हता. अर्ध्यावर थबकून, कापत, घाईने मागे येत होता. काठावरून हे कधी दिसलं नव्हतं, कारण काठावर माझ्यासमोर वर्तमानपत्र असे.

पलीकडच्या भिंतीला हात लागला. आपण शेवटपर्यंत पोचलो, याचा आनंद मानायचंही सुचलं नाही. नळी काढून मी विचारलं, “खांदा कधीपासून दुखतोय?”

ती गॉगल पुसत राहिली. “झाले तीन आठवडे.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही आत्ता कुठे पाण्यात उतरलात. मी बाहेर बसले असते, तर तुम्हीही बसला असतात.”

त्याच संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन महिने हात बंद, पाय मारायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं.

आता वसुधा पोहायची तरंगती फळी छातीशी धरून, उताणी, पाय मारत जाते आणि बोलत राहते: मुलीच्या नव्या नोकरीबद्दल, निवृत्तीनंतर कुठे राहायचं याबद्दल, कधी मला ठाऊकच नसलेल्या तिच्या जुन्या रुसव्यांबद्दल. मी शेजारून पालथा जातो. कान पाण्यात असल्याने निम्मे शब्द विरून जातात. पण मध्ये तोंड घालायची सोय नसते, म्हणून जे पोचतं ते सगळं ऐकतो. परवा कविता म्हणाली, सर, अब आपका स्ट्रोक बिल्कुल सीधा है, नली छोड़ दो. मी तिला म्हटलं, अजून थोडे दिवस राहू दे.