वीस रियालचा रफिक

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा माझी जीभ आपोआप खालच्या जबड्यातल्या रिकाम्या जागेवर गेली. तिथला दात त्यानंच पाडला होता, एकाच बुक्कीत. आणि तरी सांगतो, मस्कतमध्ये त्याच्याइतकं जवळचं मला कुणी नव्हतं. काम करता करता छातीत कळ आली आणि गेला मेला, एक शब्द न बोलता...

वादी कबीरच्या एका गॅरेजात तो डेंटर होता. चेपलेले दरवाजे ठोकून सरळ करायचा. शुक्रवारी दुपारी त्याची नमाज झाली की आम्ही पाचजण मस्कतबाहेर बरक्याला, आमच्यातल्या कदमच्या अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, शेतावर पोकर खेळायला जमायचो. बसताना कमीत कमी वीस रियालच्या चिप्स घ्यायच्या, जास्तीत जास्त शंभरच्या. आम्ही शंभर घ्यायचो. चांगली पानं आली आणि समोर पैसाच नसला तर काय उपयोग! रफिक मात्र वीस. ते गेले की "खलास" म्हणून उठायचा आणि बाहेर केळीत जाऊन बसायचा.

एकदा गाडीत मी छेडलं. म्हणाला, "पैशाचं काय नाय रे सुरेश. वीस गेले तर नुसता चिडतो. त्याच्यावर गेले तर हात माझा राहत नाय." गावाला एकदा वल्हं घालून त्यानं सख्ख्या भावाचा उजवा हात मोडला होता. "अजून डाव्या हातानं जेवतो तो," एवढंच बोलला.

तेलाचे भाव पडले, माणसं परत पाठवायला लागले, त्या साली सगळ्यांचीच डोकी तापलेली. कदमनं टोचलं, "बायको मोजून देते काय रे?" रफिकनं शंभर टाकले. तासाभरात सगळे कदमकडे गेले आणि कदम हसला. रफिकनं टेबल उलथलं, कदमची मान धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. पत्त्यांवर रक्त. मग कोपऱ्यातला लोखंडी पाइप उचलला. मी मागून मिठी मारली, तर वळून मलाच बुक्की हाणली. माझा दात तळहातावर बघितला तेव्हा पाइप टाकून तो जनावरासारखा ओरडत खाली बसला.

पुढे खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा डोक्याला टाके असलेला कदमच म्हणाला, "यल्ला, चला, रफिकला वीसच्याच दे."

परवा त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोची, नसीमभाभींची, गावी जायची बांधाबांध चालली होती. म्हणाल्या, "सुरेशभाई, एक विचारू? भांडण वाढलं की हे म्हणायचे, माझे वीस संपले. आणि खाली निघून जायचे. वीस काय?"

मी सगळं सांगितलं. भावाचा हात, कदमचं डोकं. तोंड उघडून खाच दाखवली.

"मला वाटायचं, माझा कंटाळा येतो म्हणून जातात..." भाभी म्हणाल्या, आणि मग रडू आवरेना त्यांना.

दारात त्याच्या चपला होत्या, अंगठे बाहेरच्या बाजूला. घरात शिरतानाच तो त्या वळवून ठेवायचा, चटकन पाय घालून निघता यावं म्हणून. जाताना माझा पाय लागून एक तिरकी झाली. भाभींनी वाकून ती पुन्हा बाहेर तोंड करून ठेवली.