सायगावची बरणी

किस्से आणि राख, दोन्ही चुलीपाशीच साठतात. राखेनं निदान भांडी तरी घासता येतात. किस्से नुसतेच साठतात, कुणी न्यायला येत नाही. आमच्या हट्टा गावातल्या गल्लीत सगळ्यांत मोठा ढीग माझ्याकडं आहे, कारण माझ्या आणि बाबूभाईच्या अंगणामधली भिंत छातीइतकीच उंच. लोक म्हणतात, "गोदाबाईला दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड हाय." आता भिंतच ठेंगणी, त्याला मी काय करू?

बाबूभाई आचारी. ऐन तरुणपणी मद्रासच्या एका कापड व्यापाऱ्याचा स्वयंपाक करायला म्हणून पार सायगावला गेला. बोटीवर रांधलं, बंदराबंदरांत रांधलं. लढाईच्या थोडं आधी परत आला तो बायको घेऊनच. तिचं नाव लान. गल्लीनं पहिल्याच दिवशी 'बी' जोडून तिला लानबी करून टाकलं. लहानखुरी बाई, हसली की डोळे मिटायचे. पुढं पुढं ते उघडेच राहायला लागले, पण ते नंतर.

* * *

ती आली तेव्हा तिच्या कडेवर लेकरासारखी एक मातीची बरणी होती. पूर्णा जंक्शनला निजामाच्या जकात नाकेदारानं ती उघडायला लावली, आणि झाकण निघताच स्वतःच मागं सरकला.

"ये क्या है?"

"मच्छी का पानी, साहब," बाबूभाई म्हणाला. मासळी मिठात मुरवून तिचं हे पाणी काढतात. तिकडं त्याच्यावाचून घास उतरत नाही.

"महसूल मच्छी पे है. मच्छी किधर है?"

"पानी हो गई, साहब."

नाकेदारानं नियमांचं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. पाण्यावर महसूल नव्हता. शेवटी नाकाला रुमाल लावून ओरडला, "ढक्कन लगाव और जाव, बाबा! पूरा डब्बा खाली हो गया!"

हा किस्सा सांगताना बाबूभाईला ठसका लागायचा. लानबी हसायची नाही. त्याच डब्यात त्यानं तिला शब्द दिला होता, "ही बरणी रिकामी व्हायच्या आत तुला तुझ्या मायकडं नेऊन आणतो." ती बरणी ती थेंबाथेंबानं वापरायची. मी भिंतीवरून बघायची ना!

* * *

आमच्याकडं ज्वारीची भाकर. भात सणासुदीला. लानबीला भाकर गिळेना. कुठून तांदूळ मिळाला की ती तो भिजवायची, वाटायची, पातेल्यावर फडकं ताणून त्याच्यावर ते वाटण वाफवायची, आणि त्या पांढऱ्या पोळीच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालायची.

पलीकडच्या बायजामावशीनं ते बघितलं. मावशीची जीभ म्हणजे विळा. "अगं माय! तांदळाच्या शेवया? कोणता सण हाय?"

"सण न्हाई मावशी," बाबूभाई म्हणाला. "तिकडं रोजच खातेत."

"रोज सण असतो तिकडं? मग इकडं काहून आली गं बाई?"

लानबीला तेव्हा मराठी कळत नव्हतं. तिला एकच शब्द समजला. तिनं मान हलवली, दोरीकडं बोट केलं आणि म्हणाली, "न्हाई शेवया. हू तिऊ."

पुढं कितीतरी वर्षं हे चाललं. गल्लीनं शेवया म्हणायचं, तिनं सुधारायचं. गल्ली दमली नाही, तीही दमली नाही.

* * *

संध्याकाळी बाबूभाई जोत्यावर बसला की बंदरांच्या गोष्टी सुरू.

"गोदाबाई, ह्या शेवया मूळच्या चिनी माणसाच्या. त्यानं बोटीतून नेल्या. सायगावात उतरल्या ते हू तिऊ. सियामात उतरल्या ते क्वाय तिआव. सिंगापुरात क्वे तिआव. खायला बसलं तर सख्ख्या बहिणी! मद्रासी माणसाची करी सायगावात का री झाली. आपला अचार मलायात अचारच ऱ्हायला, पर सियामात आचात झाला."

"नाव काहून वाकतं मग?" मी विचारलं.

"ज्याला परत जायचं असतं तो नाव सरळ घेतो. जो ऱ्हाऊन जातो त्याच्या तोंडात वाकतं. खानावळीत मालकानं नाव घेतलं की मला बराबर कळायचं, हा घरी जाणार का न्हाई."

बायजामावशी म्हणाली, "नावावरून सोयरीक जुळती तर गावोगाव मारुती हाय. सगळा मुलूख एका भावकीत आला असता!"

"नगं मावशी," बाबूभाई हात जोडून म्हणाला. "भांडणं वाढली असती!"

सगळे हसले. लानबी दोरीवरच्या पट्ट्या काढत होती. तिनं त्या मोडू न देता फडक्यात गुंडाळल्या.

* * *

आमच्या भिंतीचा एक कायदा होता. कुणी लिहिला नव्हता, सगळे पाळायचे. आमच्याकडनं त्यांच्याकडं शिजवलेलं जायचं. त्यांच्याकडनं आमच्याकडं कच्चंच यायचं. ईदेला लानबी मला तांदूळ, गूळ, खारका द्यायची, दिवाळीला मी तिला शिजवून ताट द्यायची. भांडणतंटा काही नाही, रीतच तशी.

लानबीचं पहिलं लेकरू जगलं नाही. त्यानंतर तिनं अन्न सोडलं. बाबूभाई भिंतीपाशी आला, नुसती रिकामी वाटी पुढं केली. एवढा आचारी माणूस!

मी ज्वारीच्या कण्या केल्या, अगदी पातळ, वर मीठ. भिंतीवरून वाटी दिली. लानबीनं वास घेतला, एक घोट घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"चाओ," ती म्हणाली.

बाबूभाई म्हणाला, "तिची माय आजारपणात भाताची पेज देती, तिला तिकडं चाओ म्हणतेत."

बायजामावशी माझ्या मागंच उभी होती. म्हणाली, "तिला सांगू नको, ज्वारी हाय म्हणून. पिऊ दे."

* * *

मग लढाई पेटली. सायगावात जपानी शिरले, सिंगापूर पडलं, बोटी बंद झाल्या. तांदूळ तर दिसेनासाच झाला. बरणी तळाला आली.

लानबीनं पूर्णा नदीतली बारकी मासळी आणवली, रांजणात मिठाबरोबर दाबली आणि रांजण उन्हात ठेवला. बाबूभाईला सांगितलं नाही. मलाही दिसलं नाही, माझी भिंत त्या कोपऱ्यात कमी पडते.

चार-आठ दिवसांत गल्लीत असा वास सुटला की विचारू नका. प्रत्येकानं आपापल्या घरात मेलेला उंदीर शोधला. पत्रे उचलले, कणग्या हलवल्या. उंदीर सापडेना. सापडेना म्हणून जास्तच भीती!

"घराघरात उंदीर पडून राहिलेत," कुणीतरी ओरडलं. "पिलेग आला!"

प्लेग म्हटलं की आमच्याकडं विचार करत नाहीत, गाव सोडून शेतात खोपी घालतात. दुपारपर्यंत गल्ली रिकामी. गाड्या भरल्या, शेरडं बांधली, बायजामावशीनं जातंसुद्धा घेतलं. सगळी गल्ली शिवारात जाऊन बसली आणि वास मात्र मागं बाबूभाईच्या अंगणात!

माणसं हसून हसून पडली नंतर. मला मात्र निघतानाची लानबी आठवते. सगळी गल्ली गाठोडी बांधतेय हे पाहून तिनंही बांधलं. पेटीतले तिकडचे रेशमी कपडे घातले, केस विंचरले, रिकामी बरणी कडेवर घेतली. गाडीत सगळ्यांच्या आधी ती चढून बसली. डोळे मिटून हसली.

मी विचारलं, "लानबी, एवढी नटून कुठं?"

ती म्हणाली, "बोट."

* * *

रांजण लोकांनी नदीत नेऊन टाकला. पण थोड्या दिवसांनी बघते तर बरणी काठोकाठ भरलेली. आणि वास? काही नाही.

मला राहवलं नाही. ती पाणी आणायला गेल्यावर बाबूभाईला हळूच म्हणाले, "बाबूभाई, बरणीत नुसतं मिठाचं पाणी हाय बघा."

"ठावं हाय, गोदाबाई."

"ती घालती?"

"ती माझ्या पाठीमागं घालती," तो म्हणाला. "मी तिच्या पाठीमागं घालतो. रिकामी कशी व्हईल?"

* * *

लढाई संपली. बोटी सुरू झाल्याची बातमी येई, पुन्हा तिकडंच मारामाऱ्या चालू असल्याची येई. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात बाबूभाई गाडी जुंपून वसमतला निघाला. स्टेशनमास्तर ओळखीचा, बोटीचं नक्की काय ते विचारून येतो म्हणाला. मी म्हणाले, "दिवस बरे न्हाईत, बाबूभाई." तो म्हणाला, "दिवस बरे व्हायची वाट बघून बघून तर ती म्हातारी व्हायला लागली."

त्याच आठवड्यात निजामाचं राज्य गेलं. वाटांवर काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. गाडी रिकामीच परत आली. बैलांना वाट पाठ होती.

लानबी रोज संध्याकाळी जोत्यावर बसायची. बायजामावशी तिच्या शेजारी जाऊन बसायची, ती आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता.

* * *

दिवाळीला मी लानबीकडं ताट पाठवलं, त्याच्याबरोबर नव्या तांदळाचा शिधाही. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात वाटण्याचा आवाज. दोरीवर पांढऱ्या पट्ट्या. मग चूल पेटली. तिनं बरणी उचलली आणि सगळीच्या सगळी पातेल्यात ओतली. मग बरणी राखेनं घासली, धुतली आणि आमच्या मधल्या भिंतीवर पालथी घातली.

बरणीशेजारी तिनं एक वाडगा ठेवला. वाफा निघत होत्या. शिजवलेलं.

माझे मालक ओसरीवर बसले होते. गळ्यात माळ, आयुष्यभर कडक माणूस. मी त्यांच्याकडं बघितलं. ते वाडग्याकडं बघत होते.

"निवून राहिलं," ते म्हणाले. "खा."

मी भिंतीपाशी उभ्या उभ्या खाल्लं. खारट होतं, खूप खारट. वाडगा पुसून भिंतीवर ठेवला. एवढ्या वर्षांत तिचा तो शब्द मी कधी नीट घेतला नव्हता. त्या दिवशी मनात घोकून घोकून, तिच्यासारखाच घेतला.

"लानबी, हू तिऊ लई चांगलं झालं बघ."

तिनं मान हलवली.

"न्हाई, गोदाबाई," ती म्हणाली. "शेवया."