पाव किलोचं सरकार

नोकरी सुटल्यावर बायका काय करतात? भिशी लावतात, गुडघ्यांची तक्रार करतात, सुनेच्या फोडणीत नाक खुपसतात. मला सून नाही आणि गुडघे अजून बरे आहेत, म्हणून मी ड्रोन घेतला.

नवऱ्याने आधी खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वय काय आपलं?" म्हणाला.

"ड्रोनला वय लागत नाही, वजन लागतं," मी म्हटलं.

आणि ते खरंच होतं. पाव किलोच्या आतला ड्रोन हौसेसाठी उडवायचा असेल तर परवाना लागत नाही, पण सरकारच्या साइटवर नोंदणी करून त्याचा नंबर मात्र घ्यावा लागतो. लोक ते करत नाहीत. मुंबईहून फार्महाऊसवर येणारी पोरं बिनधास्त उडवतात आणि कोणी हटकलंच तर "खेळणं आहे हो" म्हणून मोकळी होतात. माझी सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत गेली. अर्धवट भरलेला फॉर्म दिसला की अजून माझा हात शिवशिवतो. त्यामुळे मी आधी नोंदणी केली आणि मगच ड्रोनला हात लावला. साइट दोनदा बसली, ओटीपी एकदा आलाच नाही, पण शेवटी नंबर मिळाला. तो चिकटपट्टीवर लिहून मी ड्रोनच्या पोटाला लावला. प्रमाणपत्र छापून पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानातून लॅमिनेट करून आणलं. नवरा म्हणाला, "आता याचं रेशन कार्डही काढून टाक."

आभाळालाही रंग वाटून दिलेले असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. नकाशावर हिरवं असेल तिथे उडवा, पिवळं असेल तर परवानगी काढा, लाल असेल तर नादाला लागू नका. आमचं नवीन पनवेलचं घर विमानतळापायी लाल-पिवळ्या रंगात सापडलेलं. पण पळस्प्याच्या पुढे एका गावात आमचा छोटासा प्लॉट आहे, त्यावर दोन खोल्या बांधल्यात. तिथे हिरवं होतं. गावाच्या कडेने ओढा जातो, आणि ओढा ओलांडला की रंग बदलत होता. मी ते नीट बघून ठेवलं.

प्लॉटला लागून एका वृद्ध शेतकऱ्याचं शेत आहे. मी त्यांना काका म्हणते. पावसाळ्यात भात, ते निघालं की वाल. ओढ्यापलीकडे त्यांची आणखी बरीच जमीन होती. ती प्रकल्पात गेली. आता तिथे उंच पत्र्यांचं कुंपण आहे आणि फाटकावर वॉचमन. आलेल्या मोबदल्यातून काकांनी दुमजली घर बांधलं, मुलाने ट्रक घेतला. घर झकास आहे, पण काका त्या घरात फारसे दिसत नाहीत. रोज सकाळी उरलेल्या त्या एका शेताच्या बांधावर येऊन बसलेले असतात. हिवाळ्यात आमच्या फाटकाला वालाच्या शेंगांची पिशवी अडकवून ठेवायची आणि वर दटावायचं, "बाय, मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावलीस की नाय? शेंगा वाळवू नको." असा शेजारी मला सोसायटीत कधी मिळाला नाही. तिथे लोक पार्किंगसाठीच बोलतात.

पहिल्यांदा ड्रोन वर गेला तेव्हा मी एकटीच खुदकन हसले. आपल्या घराचं डोकं आपण कधी बघितलेलंच नसतं. गवंड्याची थापी स्लॅबवर पडलेली मला तेव्हा दिसली. ती हरवली म्हणून त्याने माझ्या नवऱ्याशी भांडण काढलं होतं. मग मी भाताची खाचरं बघितली, बांधांच्या वाकड्यातिकड्या रेघा बघितल्या, ओढा बघितला. वेळ कसा गेला कळलं नाही.

दुसऱ्या खेपेला काकांची सून कुंपणापाशी आली. खांद्यावर पिळलेले ओले कपडे तसेच होते.

"ताई, तुमचा तो भुंगा आमच्या गच्चीवर आणू नका," ती म्हणाली. "गच्चीचा कठडा आमी मुद्दाम उंच बांदलाय, रस्त्यावरच्यांनी बगू नये म्हणून. न्हाऊन आल्यावर केस सुकवायला तेवडी एकच जागा हाय. वरून कोन बगंल, हे कोनाच्या डोक्यात व्हतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यासमोरच मी घरांचे सगळे फोटो पुसून टाकले. ती समजूतदार बाई, लगेच निवळली आणि चहाला बोलावून गेली. पण मला ते लागलं ते लागलंच. नोंदणी करताना मला नाव, पत्ता, यंत्राचं वजन, सगळं विचारलं होतं. खाली जे राहतात त्यांना विचारलंत का, असा रकाना कुठेच नव्हता. असता तर मी तो इमानाने भरला असता. पण रकाना नाही म्हटल्यावर प्रश्नच पडला नाही, इतकी वर्षं कचेरीत बसण्याचा हा परिणाम. त्या दिवशी मी ठरवलं, घरांवरून न्यायचा नाही, फक्त शेतांवरून न्यायचा. शेताला कसला आलाय आडपडदा, असं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी गेलो तर काकांच्या वालात आंब्याची कलमं उभी. ओळीने, आणि इतकी जवळजवळ की मोठी झाली तर एकमेकांच्या मांडीवर बसतील. काहींच्या मुळांवरची काळी पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती, पिशवीसकट खड्ड्यात. कोपऱ्यात चार खांबांवर नवे पत्रे टाकून शेड उभी केलेली. मी बांधावरून हाक मारली, तर काका उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार म्याडम."

आजवर मी त्यांची बाय होते. या भागात घरच्या लेकीला बाय म्हणतात, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला कोणी बाय म्हणून एकेरी हाक मारली की तिला काय वाटतं ते पुरुषांना सांगून कळायचं नाही. ते 'म्याडम' माझ्या कानाखाली बसलं.

कोडं सुनेने उलगडलं. "तुमी काय खरं सांगनार नाय, ताई. पन बाबांना कळलंय. ओढ्यापल्याडची जमीन गेली तवा बी पयले वर ड्रोन फिरला. मंग मोजनीवाले आले, मंग नोटीस आली."

आता मला त्या कलमांचा अर्थ लागला. जमीन जायची कुणकुण लागली की आमच्या पनवेल तालुक्यात माळरानालाही एका रात्रीत पालवी फुटते. मोजणीत झाडं धरतात, शेड धरतात, तेवढा मोबदला वाढतो. ती कलमं आंब्यांसाठी नव्हतीच, ती मोजून घेण्यासाठी होती. त्यांना पाणीही कोणी घातलेलं नव्हतं. मोजणी होईपर्यंत हिरवी राहिली की झालं.

"पन ते बी आता कशाला," सून म्हणाली. "बाबा म्हनतात, दुसऱ्यांदा नाय बगायचं ते सगळं. नोटीस यायच्या आदी आपनच इकून टाकू. एजंट हाय एक. पुडच्या रविवारी टोकन घेऊन येनार हाय."

"मग काका सकाळी कुठे बसणार?" मी विचारलं. तिने खांद्यावरचा टॉवेल उगीच झटकला.

मी तडक खोलीवर गेले आणि माझं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र घेऊन आले. काकांच्या ओटीवर बसून त्यांना समजावलं. हा ड्रोन माझा, माझ्या पैशांचा, हौसेचा. हे बघा माझं नाव, हा त्याचा नंबर. काकांनी कागद लांब धरला. नावावरून त्यांची नजर घसरली आणि वरच्या छापावर थांबली. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"सिंव्हाचा छाप," ते म्हणाले. "नोटिशीवर बी ह्योच व्हता."

"काका, ही नुसती नोंदणी आहे. गाडीला नंबर असतो ना, तसा."

"सरकारी गाडीला बी नंबर असतो." मग अगदी सौम्यपणे, मला वाईट वाटू नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आनि म्याडम, खेळन्याला कोन नंबर घेतो?"

माझ्या नवऱ्याने रेशन कार्डाचा टोमणा मारला होता, तो यावरूनच.

करायला गेले गणपती, झाला मारुती. परतताना मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. बिननंबरी ड्रोन उडवणाऱ्या पोरांना गावात कोणी भीत नव्हतं. नियम पाळणारी मी एकटी तेवढी सरकार ठरले. बरं, उडवणं थांबवावं, तर त्याचाही अर्थ ठरलेला. नवऱ्याने तो बरोबर ओळखला. "उद्यापासून बंद केलास तर म्हणतील, मोजणी उरकली." हसत हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही. ज्याच्या शेंगा मी इतकी वर्षं खाल्ल्या, तो माणूस माझ्या हौसेपायी आपलं शेवटचं शेत विकायला निघाला होता, आणि माझ्याकडे होता फक्त एक चकचकीत कागद.

टोकनच्या रविवारी सकाळी मी दात घासत होते तेव्हा काका कुंपणाशी येऊन उभे राहिले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. एजंट दहाच्या सुमाराला यायचा होता.

"म्याडम, येक काम व्हतं," ते म्हणाले. "तुमचं ते यंत्र ओढ्यापल्याड न्याल का? पत्र्याच्या आत आमची इहीर व्हती. माज्या बापाने खनलेली. हाय का बुजवली, तेवडं बगायचं. आमाला वॉचमन आत जाऊ देत नाय. तुमाला कोन आडवनार?"

ओढ्यापलीकडे रंग बदलतो हे मला पक्कं ठाऊक होतं. पण नाही म्हणायला जीभ रेटेना. जाईल तिथवर नेते, असं म्हणून मी चूळ भरली आणि ड्रोन बाहेर काढला. काकांच्या हातात ड्रोनचं चित्र दाखवणारा पडदा दिला आणि मी शेजारी उभी राहून बटणं सांभाळली.

आधी त्यांचं स्वतःचं शेत दिसलं. पत्र्याची शेड उन्हात चकाकत होती आणि कलमांच्या ओळी शाळेतल्या मुलांसारख्या उभ्या होत्या. काका पडद्यावर वाकले. "बांद वाकडा हाय की," ते स्वतःशीच म्हणाले. "बाप म्हनायचा सरळ हाय." मग ड्रोन पुढे गेला. करंजाची झाडं, ओढ्याचं वाळूत मुरलेलं पाणी, पलीकडचे पत्रे. पत्र्यांच्या आत मातीच्या भरावाचे ढीग दिसायला लागले. त्या ढिगांमागे कुठेतरी विहीर असणार.

आणि ओढ्याच्या मधोमध ड्रोन थांबला.

पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. मी बटण पुढे रेटलं, तो तिथेच. थोडा मागे घेऊन पुन्हा नेला, पुन्हा तिथेच. दाराशी येऊन आत यायला संकोचणाऱ्या पाहुण्यासारखा तो गुणगुणत उभा राहिला.

"बॅटरी संपली?" काकांनी विचारलं.

"नाही. इथून पुढे परवानगी नाही."

"कोनाची?"

"सरकारची."

काका पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघायला लागले. "तुमाला नाय? तुमच्याजवळ तं छापाचा कागद हाय."

"तो असला तरी नाही, काका."

ओढ्यावर लांब तो काळा ठिपका थरथरत होता, काकांनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सरकारचा असता तं थांबला नसता."

मला एकदम रडूच आलं. खरं तर त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. उद्या खरोखरचा मोजणीचा ड्रोन येऊ शकतो, आणि तो ओढ्याशी थांबणार नाही, हे काकांना माझ्याहून जास्त माहीत होतं. पण जो मुद्दा कागद वाचून दाखवूनही पटला नव्हता, तो त्या अडलेल्या यंत्राने त्यांना पटवला. अडवलं जाणं म्हणजे काय ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी ड्रोन परत आणला. काकांनी तो मागून घेतला, तळहातावर ठेवून वरखाली करून वजन बघितलं आणि माझ्या हातात दिला. मग बांध उतरून शेतात गेले. पहिल्याच कलमापाशी वाकून एक पान चिमटीत धरलं. पान कोमेजलं होतं.

"बाय," त्यांनी तिथूनच हाक मारली, "तुजा पाइप इथवर पुरंल का?"

मी नळाला पाइप लावला आणि ओढत शेतात नेला. तेवढ्यात गच्चीच्या कठड्याआडून सुनेचं डोकं वर आलं. केस मोकळे होते. "बाबा, एजंटचा फोन हाय. निंगालाय तो. काय सांगू?"

काकांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "सांग, येऊ नको. कलमांना पानी घालतोय."

पाइप मधल्या ओळीपर्यंतच पुरला. पुढच्या कलमांना आम्ही बादलीने पाणी घातलं, काका पुढे होऊन मुळांवरच्या पिशव्या फाडत आणि मी मागून ओतत.