पप्प्याचे पाय, दत्तूभाऊंचे हात

सरकारी कपाटात फायली साचतात तसे आमच्या टीमचे किस्से साचलेत. फरक एवढाच, की किस्से कुणीतरी उघडून बघतं!

टीम अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांची. खेळ अमेरिकन फुटबॉल, पण सौम्य. पाडापाडी नाही, कमरेची पट्टी ओढली की गडी थांबला. आमचे कोच सोनवणे सर लांबून बॉल फेकणार, रिसीव्हरनं पळत जाऊन झेलायचा आणि शेवटच्या रेषेपार न्यायचा. मी निवृत्त क्लार्क. प्रॅक्टिसला शिट्टी माझ्याकडे असते. माझ्या इशाऱ्यावर माणसं हलतात, हे साठीनंतर पाहायला मिळालं!

*

पप्प्या लेथवर काम करतो. पहिल्याच दिवशी तो इतका सुटला, की बॉलच्याही पुढे गेला. बॉल त्याच्या पाठीमागे पडला.

"सर, बॉल लेट झाला!"

छत्तीस वर्षं मी साहेबांना बसचं कारण सांगत आलो. हे मला सुचलं नव्हतं.

*

वेळेवर आलेला बॉलही पप्प्या सोडायचाच. सर वैतागले.

"देवानं हात कशाला दिलेत रे?"

"पळताना हलवायला, सर!"

*

दत्तूभाऊ सायखेड्याचे. पॅकिंगमध्ये लागण्याआधी वीस वर्षं त्यांनी कोबीचे ट्रक भरले. माणसांची साखळी. समोरून आलेला गड्डा झेलायचा, न बघता मागच्याकडे फेकायचा, लगेच हात पुढे.

एका हातात चहा असताना त्यांनी सरांचा बॉल झेलला. चहा सांडला नाही!

पळणं मात्र…

"दत्तूभाऊ, पळा!"

"पळतोय की! आता काय उडू?"

मी कडेनं मॉर्निंग वॉक करत होतो. आम्ही दोघं बरोबरच पोचलो.

*

सिन्नरशी मॅच ठरली. रिसीव्हरची जागा एकच.

"पप्प्याच! वेग शिकवता येत नाही," सर म्हणाले.

"झेलणं तरी शिकवता येतं का? तीन महिने शिकवताय त्याला," मी म्हणालो.

दत्तूभाऊ हळूच म्हणाले, "सर, मी गावात सांगून बसलोय. जीप भरून लोक येणार हायेत. बाकावर बसलो तर गावात तोंड दाखवता यायचं नाय."

सरांनी पप्प्यालाच घेतलं.

*

मॅच बरोबरीत, शेवटचा डाव. पप्प्यानं तोवर चार बॉल सोडलेले. तेवढ्यात आमच्या एका गड्याच्या पायात गोळा आला. सरांनी नाइलाजानं दत्तूभाऊंना उतरवलं. जीपवाल्यांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं.

डाव सुरू होताच पप्प्या घाईत घसरून पडला. सरांनी बॉल दत्तूभाऊंकडे फेकला. सिन्नरच्या दोघांच्या मधून त्यांनी तो अलगद काढला.

"पळा, दत्तूभाऊ, पळा!" सगळे ओरडले.

दत्तूभाऊंनी न बघता बॉल मागे फेकला. नियमात ते चालतं.

मागून पप्प्या उठून सुसाट येत होता. बॉल थेट त्याच्या पोटावर आदळला. सोडायलाही वेळ मिळाला नाही. तो कवटाळूनच पप्प्या रेषेपार गेला!

जीपवाले मैदानात घुसले. सर नाचायला लागले. दत्तूभाऊ मात्र जागेवरच उभे, सरांकडे तोंड करून, दोन्ही हात पुढे.

"टाका की पुढचा!"