भावाच्या हाती

सव नावाच्या गावात आमच्या घराला लोक 'पळपुट्या बायकांची धर्मशाळा' म्हणायचे. म्हणोत मेले! घर माझ्या सासूचं, ठमाबाईचं. पण चूल मी फुंकायचे, तेव्हा खरं काय ते मला विचारा.

आमच्याकडं ऊन पाण्याचं कुंड आहे. अंग दुखलं की लोक सात दिवस न्हायला येतात. नवऱ्यानं चोपलेल्या बायकाही "हाडं शेकून येते" म्हणून निघायच्या. त्यांना कोणी अडवत नसे. भाताच्या लावणीला बाई धड हवी ना! सात दिवस झाले की नवरा दारात हजर. सासू त्याला ओट्यावरूनच हाकलायची. "बाई नवऱ्याच्या हाती द्यायची नाय, भावाच्या हाती द्यायची," हा तिचा नियम. भाऊ माहेरचं लुगडं घेऊन यायचा, ते नेसवून सासू बाईची पाठवणी करायची.

अठ्ठावन्न साली चैत्रात कापडे गावची आवडी आली. पाठभर वळ, पुढचे दोन दात पडलेले. तिचा नवरा महिपती न्यायला आला, त्याला सासूनं शिव्या देऊन घालवला. महिन्यानं भाऊ आला, मुरारी, लुगडं घेऊन.

आवडी सासूचा पदर धरून बसली. "मावशे, नको धाडू."

"गो, भाऊ हाय तुझा. त्याला काय भितेस?"

तिनं पदर आणखी घट्ट धरला. मीही कावलेली, रोज भाकऱ्या थापून. म्हटलं, "जा गो बाय, किती दिवस ऱ्हाशील?" जीभ का झडली नाही माझी!

दोघांच्या घरात साटंलोटं होतं. आवडी महिपतीला दिलेली आणि महिपतीची बहीण बनू मुरारीला. आवडी माहेरी बसली असती तर बनूलाही तिच्या माहेरच्यांनी परत नेलं असतं. म्हणून मुरारीनं आवडीला आमच्या दारातून नेलं ते थेट महिपतीच्या घरी सोडलं. आम्ही विचारलं नाही, आणि भावाची लाज राखायला तिनंही सांगितलं नाही.

गणपतीच्या आधी कळलं, आवडी गेली. विहिरीवर पाय घसरला म्हणे. पाय घसरला! सासू दोन दिवस जेवली नाही.

दिवाळीनंतर एक बाई आली, हात मोडलेला. मुरारीची बायको, बनू. बहिणीचा सूड त्यानं बायकोवर उगवला होता. "वैनी इहिरीत पडली, त्यात माझ्या दादाचा काय दोष?" ती मलाच विचारत होती.

सातव्या दिवशी अंगणात कोणीतरी खाकरलं. महिपती होता. डोक्यावर टोपी, काखेत नवं लुगडं. "बहिणीला न्यायला आलोय," म्हणाला. नियमानं आला होता मेला. सासू खांब धरून खालीच बसली. मग मीच चुलीतलं जळतं लाकूड घेऊन बाहेर धावले. लुगडं अंगणात टाकून तो पळाला.

आतून बनूनं हरखून विचारलं, "दादा आला व्हय? लुगडं आणलंय?"

"नाय गो," सासू म्हणाली. "कुणीतरी परका व्हता."