कुसुमच्या खांद्यावरची दोन दप्तरं

आम्ही सुकापूरला राहायचो तेव्हा माझी बायको कुसुम रोज दोन्ही खांद्यांना एकेक दप्तर लावून शाळेपर्यंत चालायची. पुढे आमच्या जुळ्या मुली, सीमा आणि नीमा, तिच्याहून उंच, हात हलवत. नाक्यावरचा रिक्षावाला विचारायचा, "काकी, यंदा परीक्षेला तुमी बसताय का?" ती थांबायचीही नाही. "पोरींनी डोकं चालवावं, ओझं माझं हाय. तुला उचलायची हौस नाय ना, मग बस गप."

हे ओझ्याचं खूळ तिच्या डोक्यात मी घातलं. तेच लिहायला बसलो आहे.

कुसुम घरी शिवणकाम करायची. मुली हुबेहूब सारख्या, म्हणून माप फक्त सीमाचं घ्यायची. "एकीला आलं की दुसरीला आलंच," म्हणायची. सातवीत सीमाचा युनिफॉर्म एका खांद्यावरून घसरू लागला. कुसुमने दोनदा शिवण उसवून पाहिली. मग सीमाला पुढे वाकायला सांगितलं, तर पाठीची एक बाजू उंच दिसली.

पनवेलच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला तेव्हा कुसुम सीमाला कपडे घालायला आत गेली होती. डॉक्टर मला म्हणाले, हे दप्तराने किंवा बसण्याने होत नाही, पुष्कळदा रक्तातूनच येतं. अशा जुळ्यांत एकीला असलं तर दुसरीलाही असण्याची शक्यता बरीच, नक्की मात्र नाही. "घरात कुणाला होतं?"

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला होतं. पाठीपायी तिचं लग्न जमलं नाही. माझ्या लग्नाआधीच ती वारली.

"कुणाला नाही," मी म्हणालो.

"तरी दुसरीला घेऊन या. वाढीच्या वयात कळलं तर पट्टा लावून बाक रोखता येतो."

बाहेर कुसुमने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ओझ्याने झालंय." दोघींच्या पाठी तशा निघाल्या तर लोक आमच्या घराण्याकडे बोट दाखवतील, एवढंच मनात होतं. पाण्याचे हंडे सीमाच आणायची. कुसुम तिथेच पायरीवर बसली. "मीच धाडत व्हते तिला." दुसऱ्या दिवसापासून दप्तरं तिच्या खांद्यावर आली.

सीमाला पट्टा लागला. नीमाला मी नेलंच नाही. तिचा बाक नजरेत आला तोवर पट्ट्याची वेळ गेली होती, ऑपरेशन करावं लागलं. वॉर्डाबाहेर कुसुम म्हणाली, "हिचं दप्तर मी उशिरा घेतलं." मी चहा आणायला गेलो.

गेल्या वर्षी कुसुम अंथरुणाला खिळली. खांदा कॉलनीतली माझी चुलत बहीण भेटायला आली आणि आक्काच्या आठवणी काढत बसली. ती गेल्यावर कुसुमने मला उशाशी बसवून घेतलं.

"अहो, आक्कांची पाठ कशी व्हती?"

"सरळ होती."

"बरं," ती म्हणाली. "मंग माझंच चुकलं."

त्याच आठवड्यात कुसुम गेली. दिवसकार्य झाल्यावर मी दोन्ही मुलींना समोर बसवून आक्काबद्दल सगळं सांगितलं. सीमा उठून आत गेली. नीमा म्हणाली, "आम्हाला आता सांगताय, बाबा. तिच्या तर उशाशीच बसला होतात."